चर्चच्या वाटेवरचा कुत्रा

श्रोतेहो, शिकारी कुत्र्यांचा इतिहास निघाला म्हणजे राजेरजवाडे, त्यांचे श्वानगृह आणि कुत्र्यांच्या लांबलचक वंशावळी यांचीच नामावळी बहुधा ऐकावी लागते. आज ज्याची हकीकत मी सांगणार आहें, त्याला वंशावळ नव्हती. अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना संस्थानांत स्पार्टनबर्ग नांवाचें गांव आहे. तेथें १९०५ ते १९१० च्या दरम्यान अलेक्झांडर व्हाइट नांवाचे एक पेढीवाले गृहस्थ प्रार्थनेसाठीं चर्चकडे पायीं जात असत. त्या वाटेवर तपकिरी रंगाच्या एका लहानशा बेवारशी स्पॅनियलशीं त्यांची ओळख झाली, आणि ते त्याला घरीं घेऊन आले.

त्या काळीं बेवारशी कुत्र्याच्या कपाळीं काय लिहिलेलें असे, हें येथें सांगितलें पाहिजे. न्यूयॉर्क शहरांत १८७७ सालीं अशा कुत्र्यांना लोखंडी पिंजऱ्यांत कोंडून शेंकड्यांनीं नदींत बुडविलें जाई. लंडनमध्यें मेरी टील्बी या बाईंनीं १८६० सालीं भटक्या कुत्र्यांसाठीं आश्रय काढला, तेव्हां वृत्तपत्रांनीं त्यांची थट्टाच केली. या बाबतींत आमच्या मुंबईची नोंद बरी आहे. १८३२ च्या जूनमध्यें पोलिसांनीं रस्त्यांवरचीं कुत्रीं मारावयास आरंभ केला, तेव्हां पारशी मंडळींनीं दंगा करून शहराचे व्यवहार बंद पाडले होते! असो. स्पार्टनबर्गच्या कुत्र्याला दंग्याची गरज पडली नाहीं.

फेंकलेली वस्तु धांवत जाऊन आणण्याची त्याला उपजत गोडी होती. ती व्हाइट यांच्या ध्यानांत आली व त्यांनीं त्याला कॅम्डेनजवळ राहणारे आपले स्नेही लेम्युएल व्हिटेकर बॉयकिन यांजकडे पाठविलें. बॉयकिन हे शिकारी होते आणि कुत्रीं तयार करण्यांत त्यांचा हात बसलेला होता. त्यांच्या घरीं या कुत्र्याचें नांव ‘डंपी’ पडलें.

पक्ष्यांच्या शिकारींत कुत्रा वापरण्याची कला बंदुकीहून जुनी आहे. डॉक्टर जॉन केयस यांनीं १५७० सालीं इंग्लंडांतील कुत्र्यांविषयीं लॅटिन भाषेंत एक छोटासा ग्रंथ लिहिला. पक्ष्याचा वास लागतांच पोट जमिनीला टेकवून निश्चल होणारा आणि पारध्याला आपल्या पाठीमागून जाळें ओढूं देणारा कुत्रा त्यांत वर्णिलेला आहे. पुढें बंदूक आली, जाळें गेलें. शिकवणुकीची रीत मात्र कठोरच राहिली. इंग्रजींत या शिक्षणाला कुत्रा ‘मोडणें’ असेंच म्हणत, आणि त्या शब्दांत चाबूक स्पष्ट ऐकूं येतो. ब्रिटिश सैन्यांतील हचिन्सन नांवाच्या अधिकाऱ्यानें १८४८ सालीं लिहिलेल्या पुस्तकाचें नांवहि तेंच आहे. पण आंतील उपदेश पुष्कळ निराळा. पहिले धडे घरांतल्या खोलींत द्यावे, आवाज हळू ठेवावा, हाताच्या खुणांनीं काम घ्यावें, जमलें कीं भाकरीचा तुकडा द्यावा, आणि आपण रागांत असतां कुत्र्याला शिकवूंच नये, असें त्यांचें सांगणें. शेवटची अट पाळणें शिष्यापेक्षां गुरूला जड जातें, हें घरांत मुलें असणाऱ्या श्रोत्यांना सांगावयास नको.

वाढलेला कुत्रा हातीं येतो तेव्हां त्याच्या मागें एक पूर्वायुष्य असतें. पिलाची पाटी कोरी असते. याच्या पाटीवर कोणी काय लिहून ठेवलें आहे, हें वाचूनच पुढें जावें लागतें. काठी उचलली कीं तो दबतो काय? कोंबड्या दिसतांच सुटतो काय? मनुष्याचा विश्वास बसेपर्यंत बाकीचें शिक्षण व्यर्थ. मग हांक मारतांच येणें. मग सांगितल्या जागीं बसून राहणें. बंदुकीचा बार प्रथम फार दूरवरून, कुत्रा खाण्यांत किंवा खेळण्यांत गुंतला असतां काढावा, व दिवसागणिक अंतर कमी करावें. एकदां कानाशीं बार करून भिवविलेला कुत्रा पुष्कळदां कायमचा निकामी होतो. पक्षी दांतांनीं न चिरडतां अलगद आणणें हें कांहींसें जातीचें देणें असतें. तें नसेल तर आणतां येणें कठीण.

आतां डंपीच्या कामाकडे वळूं. तेथील रानटी टर्की पक्षी थव्यानें राहतात आणि त्यांची नजर विलक्षण तीक्ष्ण असते. कुत्र्यानें थवा हुडकून काढावा, मोठमोठ्यानें भुंकत त्यांत घुसावें व पक्षी चहूंकडे उधळून लावावे. शिकारी त्याच जागीं आडोसा करून बसतो. उधळलेले पक्षी थोड्या वेळानें एकमेकांना हांका मारूं लागतात. शिकारी टर्कीच्याच पंखाच्या हाडाच्या नळींतून तशी हांक काढतो आणि पक्षी परत येऊं लागतात. या वेळीं कुत्रा त्याच्या शेजारीं दगडासारखा पडून असला पाहिजे. शेंपटी हलली कीं सर्व श्रम फुकट. म्हणजे क्षणापूर्वीं ज्याला गोंगाट करण्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यानें पक्षी डोळ्यांसमोर येत असतां श्वासहि जपून घ्यावयाचा! दोन उलट आज्ञा एकाच सकाळीं पाळणारा कुत्रा दुर्मिळ. रस्त्यावरून उचललेल्या डंपीनें तें साधलें आणि पाण्यांत पडलेलीं बदकें आणण्यांतहि तो तरबेज झाला.

त्याच्या लहान चणीचाहि उपयोग झाला. वॉटरी नदीच्या दलदलींत शिकारी सुट्या भागांच्या होड्या जमिनीवरून वाहून नेत व पाण्याशीं जोडीत. अशा अरुंद होडींतून थोराड कुत्र्यानें उडी घेतली तर धनीच पाण्यांत जावयाचा.

पुढें स्पॅनियल व रिट्रीव्हर जातींच्या संकरांतून याच रंगाचीं कुत्रीं निपजलीं. नराचें वजन सुमारें ३० ते ४० पौंड भरतें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें पक्ष्यांच्या शिकारीला आळा घातला, तेव्हां येथें कोणी हा प्रयोग करावा असें मी सुचवीत नाहीं. तिकडे १९७७ सालीं या जातीसाठीं मंडळ निघालें, आणि १९८५ सालीं दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळानें तिला संस्थानाचा अधिकृत कुत्रा ठरविलें. जातीला नांव मिळालें तें बॉयकिन यांचें. चर्चच्या वाटेवर थांबलेल्या व्हाइट यांचें नव्हे.