पाट आणि चर

श्रीरामपुरास आगगाडीने येणाऱ्या परस्थ माणसास फलाटावर अद्यापि ‘बेलापूर’ हीच पाटी वाचावयास मिळते; १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे स्थानक आपले जुने नाव सांभाळून राहिले, आणि त्याच्या आश्रयाने वाढलेली बाजारपेठ मात्र नव्या नावाने नांदू लागली. परंतु तिचे वैभव रुळांपेक्षा पाटाचे अधिक ऋणी आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या कालव्यांस भरवशाचे पाणी लाभले, आणि जो मुलूख सरकारी दप्तरात दुष्काळ व तगाई यांच्या निमित्ताने येत असे, त्यात ऊस उभा राहून हरेगाव व टिळकनगर येथे साखरेचे कारखाने निघाले.

तथापि काळी जमीन नुसती पिणारी नव्हे, साठवणारीही आहे. उसाला सैल हाताने दिलेले पाणी खोल मुरले, भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि दख्खनच्या कालव्यांखालील कित्येक उत्तम रानांची चोपण झाली. मुंबई सरकारने १९१६ साली जो खास पाटबंधारे विभाग काढला, आणि ज्याची धुरा क्लॉड इंग्लिस यांनी वाहिली, त्याच्यापुढे हेही दुखणे आले. त्यावरचा उपाय म्हणजे अतिरिक्त पाणी काढून नेणारे चर.

या चरांचे स्मरण मला एका वैद्यकीय शोधाने झाले. वर्तनाने अस्वस्थ असलेल्या मुलांस १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रीन दिले, तेव्हा उत्तेजक औषधाने ती शांत झाली. १९४४ साली स्वित्झर्लंडात लिअँड्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट हे दुसरे उत्तेजक औषध सिद्ध केले. आणि डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र निरोप्या द्रव्य आहे, हे अर्विड कार्लसन यांच्या प्रयोगांनी १९५७ च्या पुढे उलगडत गेले. मज्जापेशींच्या सांध्यात सुटलेले डोपामिन परत ओढून घेणारी वाहक प्रथिने हेच मेंदूतले चर. मिथाइलफेनिडेट त्यांची तोंडे काही काळ बुजवते, म्हणून ओल रानात टिकते.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार, असलेल्या आणि पूर्वी औषध न घेतलेल्या १८ प्रौढांस मिथाइलफेनिडेट बारा महिने दिल्यावर, त्यांच्या मेंदूच्या काही भागांत या वाहकांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात दिसले. मेंदूने जणू नवे चर खणले. म्हणूनच ज्या दिवशी औषधाचे आवर्तन चुकते, त्या दिवशी रान अधिक लवकर वाळत असावे, असा संशोधकांचा तर्क.

अठरा माणसांवरून कायदा ठरत नाही. परंतु चोपण दिसली म्हणून प्रवरेचा कालवा कोणी बुजवला नाही, आणि पीक जोमात आहे म्हणून बेहिशेबी पाणी सोडणेही परवडले नाही. पाटकऱ्याची पाळी, पाण्याचे मोजमाप आणि चरांची निगा, या तिहींवर बागाईत तगली. औषधाची मात्रा वाढवणे, थांबवणे वा चालू ठेवणे, हेही रुग्णाने एकट्याने ठरवावयाचे नसून, डॉक्टरांसमोर वर्षभराच्या अनुभवाची वही उघडून ठरवावयाचे काम आहे.