संगणकाचा आवाज गेला? नवं साउंड कार्ड घेण्याआधी हे तपासा

नाशिक : एमएस-सीआयटीच्या निमित्ताने, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासासाठी किंवा शेतीचा हिशोब ठेवायला म्हणून जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत संगणक आला. दोन-चार वर्षांनी त्याचा आवाज बंद पडतो, नाहीतर खरखरतो. मुलांच्या ऑनलाइन तासाला माईक चालत नाही. मग "साउंड कार्ड गेलं" असं कुणीतरी सांगतं आणि खर्च पुढे येतो. अनेकदा हा खर्च लागत नाही. लागलाच तर साध्या कामाला दोन-तीनशे रुपयांपासून वस्तू मिळते.

साउंड कार्ड म्हणजे काय?

संगणकाच्या आत आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांचा स्पीकरला समजेल असा विजेचा संकेत करणं आणि माईकमधून आलेल्या बोलण्याचे पुन्हा आकडे करणं, ही दोन कामं साउंड कार्ड करतं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड आणलं, तेव्हा ते वेगळं विकत घ्यावं लागायचं. आता ही सोय मदरबोर्डवरच असते. मागच्या बाजूची रंगीत भोकं तिचीच. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माईकचं आणि निळं बाहेरच्या टेप, मिक्सरसारख्या यंत्रातून आवाज आत घेण्याचं.

आधी हे करून पाहावे

१) मोबाइलचा चांगला हेडफोन हिरव्या भोकात लावावा. त्यात आवाज आला तर बिघाड स्पीकरचा किंवा वायरचा आहे.
२) पुढचं भोक बंद असेल तर मागचं वापरून पाहावे. पुढची वायर आतून निसटलेली असू शकते.
३) एचडीएमआय वायरचा नवा मॉनिटर लावल्यावर आवाज गेला असेल, तर संगणक आवाज मॉनिटरकडे पाठवत असतो. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन पुन्हा स्पीकर निवडला की काम होतं.
४) डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाच्या नावापुढे पिवळी खूण दिसली तर ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहावा.

एवढं करूनही आवाज आला नाही, तर मदरबोर्डवरची आवाजाची सोय गेली असं समजायला हरकत नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडल्यावर किंवा व्होल्टेज एकदम वाढल्यावर असं होऊ शकतं.

कोणतं कार्ड घ्यावं?

गाणी, व्हिडिओ आणि ऑनलाइन तास एवढंच काम असेल तर यूएसबी डोंगल पुरे. पेनड्राइव्हएवढी वस्तू, तिला दोन भोकं, किंमत दोन-तीनशे रुपयांपासून. संगणक उघडावा लागत नाही आणि बहुतेक डोंगल ड्रायव्हर न टाकताच चालतात. संगणक बदलला तरी तोच डोंगल नव्याला लावता येतो. दोन भोकांच्या डोंगलवर "७.१ सराउंड" लिहिलेलं असलं तरी त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. दोन भोकांतून आठ स्पीकरचा आवाज निघत नाही.

माईकवाला मोबाइल हेडफोन वापरायचा असेल तर पिन पाहावी. त्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. दोन भोकांच्या डोंगलमध्ये त्याचं ऐकू येतं, पण माईक चालत नाही. त्यासाठी आवाज आणि माईक वेगळे करणारी जोडवायर घ्यावी लागते.

आत बसवायचं कार्ड घेताना खाच तपासावी. जुन्या पीसीआय खाचेचं कार्ड नव्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसत नाही. जुन्या बाजारातून स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं कार्ड असंच पडून राहतं.

सप्ताहाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर

इथे चूक महागात पडते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून निघणारा आवाज माईकच्या मानाने कितीतरी जोरदार असतो. तो डोंगलच्या गुलाबी भोकात घातला तर फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट करता येत नाही. काल्याचं कीर्तन पुन्हा होत नाही. म्हणून मिक्सरची वायर निळ्या भोकात लावावी. संगणकाला निळं भोक नसेल तर ते असलेलं कार्ड घ्यावं आणि आदल्या दिवशी पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐकावं.

भजनी मंडळाला स्टुडिओसारखा कंडेन्सर माईक लावायचा असेल तर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो डोंगल देत नाही. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस लागतो आणि त्याची किंमत हजारांत जाते.

घूं-घूं आवाज कार्डाने जात नाही

स्पीकरमधून सतत घूं-घूं येत असेल तर आधी अर्थिंग पाहावी. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली, तर दोष विजेच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त. संगणक आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहावेत. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावी. घरघर थांबते म्हणून थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकू नये. शॉक लागून जीव जाऊ शकतो.

घेताना

तालुक्याच्या दुकानात घ्या की नाशिकला, आपला हेडफोन सोबत न्यावा. वस्तू दुकानातच लावून ऐकावी, माईकवर बोलून पाहावं आणि पक्कं बिल घ्यावं. बदलून मिळण्याची मुदत किती, तेही तिथेच विचारून घ्यावं.