पालखीचा मान

मराठेशाहीत पालखीत बसावयास नुसता पैसा पुरत नसे. तो मान सरकारातून मिळावा लागे. पालखीच्या खर्चासाठी नेमणूकही बांधून दिली जाई. पालखी दारी आली, की माणसाची पायरी साऱ्या गावाला कळे.

पालख्या गेल्या, मोटारी आल्या. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. गाडी दारात उभी राहिली, की आळीचा नमस्कार बदले.

मग २००८ साली रतन टाटांनी एक लाखाची नॅनो दाखविली. एकाच स्कूटरवरून भर पावसात जाणारे चौघांचे कुटुंब पाहून त्यांना ती सुचली होती. अडचणी इतरही आल्या. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला बाधला, हे पुढे टाटांनीही मान्य केले. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.

माझ्या एका शिक्षकमित्राने ती घेतली होती. लग्नाला जाताना तो ती मंगल कार्यालयापासून दूर, मागच्या गल्लीत उभी करी. सारी वाट कोरडा आलेला हा गृहस्थ शेवटची शंभर पावले बायकामुलांसह भिजत जाई!

वाचकहो, पालखीचा मान देणारे राजे गेले. तो मागणारे आपण मात्र अजून आहोत.