आणि पार्टी

एचएमव्हीच्या जुन्या तबकडीवर गाणाऱ्याच्या नावाला जोडून दोन शब्द छापलेले असत : 'शाहीर साबळे आणि पार्टी'. कंपनीनं ते सोयीसाठी छापले असणार. एवढ्याशा गोल कागदावर सगळ्यांची नावं मावणार कुठं? पण ज्यांनी जन्मभर कुणाच्या तरी मागं उभं राहून 'जी जी' म्हटलं, त्यांची लेखी नोंद बहुतेक एवढीच. मी त्यांतलाच. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि रात्री माजलगावच्या आसपास फिरणाऱ्या एका कलापथकात झीलकरी. तुणतुणं माझ्या हातात असायचं. 28 एप्रिल 2023 ला साबळ्यांवरचा 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आला आणि आमच्याकडं पारापासून हॉटेलापर्यंत जो तो त्यावर बोलू लागला, तेव्हा त्यातलं बरंचसं बोलणं मला आधी ऐकल्यासारखं वाटलं. शाहिरावरचा चित्रपट आमचे लोक नुसता बघत नाहीत, तपासून घेतात. ही खोड जुनी आहे.

ती निदान 1947 च्या 'लोकशाहीर राम जोशी'इतकी तरी जुनी असेल. राजकमलचा चित्रपट, दिग्दर्शनात बाबूराव पेंटर, लेखणी माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झाले जयराम शिलेदार आणि बया झाल्या हंसा वाडकर. सोलापूरचा शिकलासवरला ब्राह्मण लावणीच्या नादानं घराबाहेर पडतो, ही गोष्ट लोकांनी डोक्यावर घेतली आणि पुढं तमाशापटांची रांगच लागली. पण हे तिकडं, मुंबई-पुण्याला. त्या साली आम्ही निजामाच्या मुलखात होतो. रझाकारांची दहशत होती, माणसं दिवस मावळायच्या आत घर गाठत होती. त्याआधीही सार्वजनिक कार्यक्रमाला सरकारी परवानगी लागायची. 'गश्ती निशाण 53' या हुकमाचं नाव वडील शिवी दिल्यासारखं उच्चारत. गोंधळ मांडवात होई, भजन देवळात होई. पोवाड्याला मात्र जागा हुडकावी लागे. 17 सप्टेंबर 1948 नंतर ते दडपण गेलं, आणि मग पुढच्या काही वर्षांत टुरिंग टॉकीजचा तंबू आमच्या बाजारांत आणि जत्रांत पडू लागला.

'राम जोशी' वडिलांनी त्या तंबूत पाहिला, तोवर प्रिंट पार झिजलेली. पण ते सांगत ती गोष्ट चित्रपटाची नसे, पब्लिकची असे. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, सगळे भुईवर. पडद्यावर ढोलकी सुरू झाली की पुढं बसलेले वाजंत्री मांडीवर ठेका धरून बघत, हात आणि आवाज जुळतोय का म्हणून. जयराम शिलेदार मोठे गायक, त्याबद्दल दुमत नव्हतं; पण "गळा नाटकातला हाये, फडातला न्हाई" असा निकाल तिथल्या तिथं लागला होता. हंसा वाडकर मात्र पहिल्या गाण्यालाच पास! निकाल देणारे कोण, तर स्वतः फडात उभं राहिलेले. त्यांना नटाच्या चेहऱ्याचं काय कौतुक? रीळ बदलायला अंधार झाला की तेवढ्यात कुणीतरी मागून स्वतःचीच लावणी सुरू करी आणि भोंगेवाला वैतागून "बसा खाली" म्हणून ओरडे.

1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला, हे पुस्तकांत सापडतं. तंबूत एखादा चित्रपट किती जणांनी किती वेळा पाहिला, याची वही कुणी ठेवली नाही.

इथं जरा आमच्या कामाविषयी सांगायला हवं, नाहीतर आमच्या पार्टीतले म्हातारे 2023 साली कशावर चिडले ते कळायचं नाही. शाहिराच्या हातात डफ. मागं ढोलकी, झांज, तुणतुणं आणि दोघं-तिघं झीलकरी. कार्यक्रमाआधी तासभर आमचं पहिलं काम म्हणजे पाचट नाहीतर कडबा पेटवून डफ शेकणं. कातडं ओलाव्यानं सैल पडतं. जाळावर फिरवत राहायचं, मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघायचं. कमी शेकला तर आवाज भद्द येतो, जास्त शेकला तर ऐन पोवाड्यात कातडं फाटतं. पावसाळी हवेत दर अर्ध्या तासानं एकजण डफ घेऊन जाळाकडं पळायचा आणि दुसरा डफ शाहिराच्या हातात द्यायचा. पुढं बसलेल्यांना हे कळतसुद्धा नसे.

तुणतुणं त्याहून गरीब. लाकडाचा पोकळ डबा, बुडाला कातडं, कडेला वेळूची काठी, वर खुंटी आणि एकच तार. काडीनं छेडत राहायचं. शाहिराचा षड्ज मी त्याच्या कानाशी धरून ठेवायचा, एवढंच माझं काम. पण थंडीच्या रात्री तार उतरली आणि माझ्या ध्यानात आलं नाही, तर सगळी पार्टी हळूहळू खाली घसरायची. झील म्हणजे नुसती री ओढणं नव्हे. शाहीर दम घेतो तेव्हा शेवटचा शब्द आम्ही हवेत धरून ठेवायचा. त्याला पुढचा चौक आठवला नाही, तर हे त्याच्या मानेवरून ओळखायचं आणि 'जी जी'चा आणखी एक फेरा वाढवायचा. लोक म्हणत, काय रंगवलंय! रंगवलं कसलं, शाहीर ओळ हुडकत असायचा.

आमच्या पार्टीचं वेळापत्रक उसानं ठरवलेलं. डफवाला आणि एक झीलकरी कोयत्यावर जायचे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन सांगली-कोल्हापूरकडं, कारखान्याच्या कोप्यांवर. परत यायचे ते थेट चैत्रात. म्हणून आमचे कार्यक्रम पाडव्यापासून मृगापर्यंत. बाकीचे महिने पार्टी अर्धी. पुढं सिंदफणेवर धरण झालं, पाण्याखालची गावं उठून नव्या जागी बसली, आणि ज्या जुन्या पारांवर आम्ही उभे राहत होतो त्यांतले काही पाण्यात गेले. साक्षरता, दारूबंदी, ग्रामस्वच्छता : सरकारला ज्या साली जे सांगायचं असेल त्याचा पोवाडा आम्ही बांधला. सगळे काही चांगले नव्हते. शौचालयावरचा तर मला आजही म्हणवत नाही.

शाहीर साबळे आम्हाला कळले ते रेडिओवरून. 1923 साली वाईजवळच्या पसरणीत जन्म, लहानपणी आजीकडं अमळनेरला आणि तिथं साने गुरुजींचा सहवास, पुढं मुंबई. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांच्या आवाजात घरोघर गेलं. त्यात गोदावरीचं नाव येतं. ती आमच्या तालुक्याच्या उत्तरेच्या शिवेवरून वाहते, म्हणून शाळेत मी मुलांना ती ओळ जरा जोरात म्हणायला लावायचो. नाथांच्या 'विंचू चावला' भारुडाचा त्यांचा ठसका तर आमच्या पार्टीनं सरळसरळ उचलला होता. चोरी म्हणा हवं तर. 'आंधळं दळतंय' हे मुक्तनाट्य मात्र ऐकूनच माहीत. ते मुंबईतल्या मराठी माणसाचं दुखणं होतं आणि आमचं दुखणं पाण्याचं.

साबळ्यांवर आमच्याकडं टीका झाली ती 'महाराष्ट्राची लोकधारा'च्या वेळी. वासुदेव, गोंधळ, कोळीगीत, भारूड सगळं एका रंगमंचावर. शहरातल्या लोकांना आपलं कायकाय आहे ते कळलं, हे खरंच. पण आमच्याकडचा एक गोंधळी, संबळ वाजवणारा, म्हणायचा, "गुरुजी, चौक न्हाई, दिवटी न्हाई, यजमान न्हाई, मंग गोंधळ कुणाचा?" रात्रभराचा विधी काही मिनिटांत बसवायचा म्हणजे त्यातलं आख्यान जातं. मी तेव्हा त्याच्याशी वाद घातला आणि आजही घालीन. मांडवातला गोंधळ लोकधारेनं मोडला नाही. त्याची रात्र डीजेनं घेतली.

आता 2023. चित्रपट केला साबळ्यांच्या लेकीच्या मुलानं, केदार शिंदे यांनी. अजय-अतुल यांचं संगीत, साबळ्यांच्या भूमिकेत अंकुश चौधरी, आणि साबळ्यांच्या पत्नी भानुमती यांच्या भूमिकेत केदार यांची मुलगी सना. मी तो थेटरात पाहिला पुण्याला लेकाकडं. पार्टीतल्यांनी नंतर घरच्या टीव्हीवर. एप्रिलअखेर म्हणजे कोयते परत आलेले, लग्नसराई भरात. त्यामुळं चित्रपटाआधी गावात शिरलं ते 'बहरला हा मधुमास'. श्रेया घोषाल आणि अजय गोगावले यांचं हे गाणं, त्यावर हात हलवायची एक ठरलेली तऱ्हा, आणि मोबाइलपुढं नाचणाऱ्या नवऱ्या-करवल्या. या पोरींतल्या कितीजणींना साबळे माहीत होते? विचारलं तर एक म्हणाली, "ते राज्यगीतवाले ना, आबा?" त्याच वर्षी 19 फेब्रुवारीपासून 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं होतं, दोन कडव्यांचं. शाळेत रोज म्हणत होत्या त्या. उत्तर चुकीचं नव्हतं.

बायकांनी चित्रपट वेगळाच पाहिला. आमच्या घरात चर्चा झाली ती भानुमतीबाईंची. त्या स्वतः लिहीत, गाण्यांना त्यांचे शब्द होते, आणि तरी संसार मोडला. आमची मंडळी म्हणाली, "शाहीर हुईस्तोवर बाई लागती." मी काही बोललो नाही. माझ्या कार्यक्रमांच्या रात्री घरी कोण जागत होतं, हे मला ठाऊक आहे.

आणि आमची पार्टी? ढोलकीवाल्या बापूंना अंकुश चौधरी आवडले, डफ धरायची पद्धत आवडली. मग ते गप्प झाले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मागच्यायला कामून दावीनात वो?" डफवाल्याचं म्हणणं त्याहून कडक : इतकी गाणी, पण कॅमेरा पुढच्याच्याच तोंडावर. वादनाचा आवाज भरगच्च, शंभर माणसांचा. आमच्या चौघांचा आवाज त्यात कुठं हुडकायचा? मी त्यांना सांगितलं, बापू, चित्रपटाला नायक लागतो. ते म्हणाले, "नायकाला सूर कोण देतंय?"

यावर मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती त्यांना ठाऊक नव्हती. अंकुश चौधरी, भरत जाधव, खुद्द केदार शिंदे, ही सगळी मंडळी पोरसवदा वयात साबळ्यांच्या लोकधारेत होती. म्हणजे आज पडद्यावर जो शाहीर झालाय, तो एकेकाळी त्याच शाहिराच्या 'आणि पार्टी'मधला. बापू बराच वेळ हसत राहिले. "मंग पास," म्हणाले, "आपलाच माणूस हाये." मला विचाराल तर चित्रपटाचा उत्तरार्ध घाईचा आहे, साबळ्यांच्या राजकीय कामाची धार जरा बोथट केली आहे, तरी बापूंच्या निकालावर माझी सही आहे.

नाव कोरून ठेवायची रीत आमच्या तालुक्याला नवी नाही. पुरुषोत्तमपुरीला सापडलेला रामदेवराय यादवाचा ताम्रपट 1310 सालचा. त्यात राजा आहे, त्याचा प्रधान पुरुषोत्तम आहे, दिलेली जमीन आहे. अधिकमासात त्या गावी लोटणाऱ्या गर्दीपुढं पिढ्यान्‌पिढ्या कोणी टाळ-मृदंग वाजवला, संबळ घुमवला, ते तांब्यावर आलेलं नाही. आमच्या कलापथकाचं बाड माझ्याकडं आहे, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यात प्रत्येक पोवाड्याखाली रचणाऱ्याचं नाव आहे आणि वाजवणाऱ्या एकाचंही नाही. ते लिहिणारा मीच होतो. आता मागच्या पानांवर कोण कुठल्या साली कशावर होतं, ते लिहायला घेतलंय. बापू आठवून सांगतात.

माजलगाव, धारूर, वडवणी, गेवराई, पाथरी, कुठंही तुमच्या घरी असं बाड किंवा कलापथकाची टेप असेल तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. मोबाइलवर पानांचे फोटो काढा. घरात एखादा म्हातारा झीलकरी असेल, तर शाहिराच्या आठवणी विचारण्याआधी त्याला त्याच्या शेजारी कोण उभं राहायचं ते विचारा, आणि ती नावं गावासकट लिहून ठेवा.