प्रकाशीय तबकडीवरील फाइलींचे स्वामित्व

प्रकाशीय तबकडी (सीडी, डीव्हीडी इ.) संगणकास जोडल्यावर तीवरील प्रत्येक फाइल कोणत्या वापरकर्त्याची व कोणत्या समूहाची मानावयाची, हे ठरविण्याची पद्धती. या जोडणीस संगणकाच्या व्यवहारात माउंट करणे म्हणतात. वाचण्याचा, लिहिण्याचा व आज्ञावली चालविण्याचा अधिकार स्वामित्वावरून ठरत असल्याने हा प्रश्न केवळ नोंदीचा नसून अधिकाराचा आहे.

पार्श्वभूमी : बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये उदयास आलेल्या युनिक्स प्रणालीत आणि तिच्या धर्तीवरील लिनक्समध्ये फाइलीबरोबर मालकाचे नाव साठविले जात नाही, केवळ एक क्रमांक साठविला जातो. तो क्रमांक कोणाचा, हे त्या संगणकाच्या स्वतःच्या यादीवरून कळते. समूहाचीही तीच रीत. शून्य हा क्रमांक मात्र सर्वाधिकारी प्रशासकाचा असतो. ही योजना एका संगणकाच्या हद्दीत निर्दोष ठरते. तबकडी मात्र हद्द ओलांडते. जमिनीच्या सातबारा उताऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. गट क्रमांक १०१ राहुरी तालुक्यातील एका गावातही असू शकतो आणि पारनेर तालुक्यातील दुसऱ्या गावातही. गावाचे नाव सोडून नुसता क्रमांक सांगितला, तर जमीन कोणाची हे ठरत नाही. तबकडीवर क्रमांक जातो. गाव मागेच राहते.

प्रमाणीकरण : सीडीवरील फाइलरचनेसंबंधी एकवाक्यता व्हावी म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, टाहो सरोवरानजीकच्या हाय सिएरा हॉटेलात उत्पादकांची बैठक झाली. तिच्यातून निघालेला मसुदा सुधारून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण सिद्ध झाले. त्यात मालक, समूह व परवानग्या यांसाठी एक वैकल्पिक विस्तारित नोंद ठेवलेली होती. परंतु तिचा वापर क्वचितच झाला. त्यामुळे साध्या तबकडीवरील फाइली व्यवहारात निर्नायकी राहिल्या. लिनक्समध्ये, अन्य सूचना नसल्यास, अशा फाइली शून्य क्रमांकाच्या म्हणजे प्रशासकाच्या मानल्या जातात व त्या सर्वांना वाचता येतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रॉक रिज हा विस्तार तयार झाला. ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) या चित्रपटातील गावावरून त्यास हे नाव मिळाले. त्यातील पीएक्स नावाच्या नोंदीत परवानग्या, मालकाचा क्रमांक व समूहाचा क्रमांक येतात. मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट विस्ताराने (१९९५) लांब नावांची सोय केली. स्वामित्वाची केली नाही. १९९५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या व पुढे डीव्हीडीसाठी स्वीकारल्या गेलेल्या यूडीएफ या रचनेत मालक व समूह यांचे क्रमांक मूळ नोंदीतच आहेत आणि ‘मालक अनिर्दिष्ट’ असे दर्शविणारे एक विशेष मूल्यही आहे.

अडचणी : रॉक रिजने क्रमांक जपला आणि त्याबरोबरच खरी अडचण पुढे आली. समजा, संगमनेर येथील एका संगणकावर क्रमांक १००१ असलेल्या लिपिकाने केवळ स्वतःस वाचता येईल अशी फाइल तबकडीवर लिहिली. ती तबकडी श्रीरामपूर येथे जोडली असता तेथील १००१ क्रमांकाचा परका मनुष्य ती वाचू शकेल. उलट मूळ लिपिकाचा क्रमांक तेथे १००४ असल्यास त्याला स्वतःचीच फाइल उघडता येणार नाही. काळाचे अंतरही असाच घोटाळा करते. फेडोरा या लिनक्स वितरणात सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक पूर्वी ५०० पासून सुरू होत. २०११ मधील सोळाव्या आवृत्तीपासून ते १००० पासून सुरू होऊ लागले. परिणामी जुन्या तबकडीवरील ५०० क्रमांकास नव्या संगणकावर धनीच सापडत नाही. याहून गंभीर धोका मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलींचा होय. परक्या तबकडीवरील अशी आज्ञावली प्रशासकाच्या नावे असल्यास ती सामान्य माणसाच्या हाती संपूर्ण संगणक देऊ शकते. म्हणून अनोळखी तबकडी ‘नोसूइड’ हे बंधन घालूनच जोडावी, असा दंडक आहे.

उपाय : क्रमांकांची फेरजुळणी दोन टप्प्यांवर करता येते. पहिला टप्पा तबकडी लिहिण्याचा. एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या एमकेआयसोएफएस या आज्ञावलीत मोठ्या लिपीतील ‘आर’ हा पर्याय मूळ क्रमांक जसेच्या तसे नोंदवितो. छोट्या लिपीतील ‘आर’ मालक व समूह दोन्ही शून्य करतो, फाइली सर्वांना वाचनीय करतो आणि लेखनाचा अधिकार काढून टाकतो. वितरणासाठी दुसरा पर्याय योग्य, तर स्वतःच्या संगणकाची जतनप्रत करण्यास पहिला.

दुसरा टप्पा जोडणीचा. लिनक्समध्ये यूआयडी व जीआयडी हे पर्याय देऊन आयएसओ ९६६० तबकडीवरील सर्व फाइली एकाच मालकाच्या व एकाच समूहाच्या ठरविता येतात. रॉक रिजमधील क्रमांक त्यापुढे निष्प्रभ होतात. ‘नोरॉक’ हा पर्याय रॉक रिजची नोंद समूळ दुर्लक्षितो. या साऱ्याने तबकडीवरील मजकूर बदलत नाही. बदलते ती केवळ त्या संगणकापुरती दिसणारी मालकी. मात्र हा बदल सरसकट असतो. अनेक मालकांच्या फाइली निरनिराळ्या नव्या मालकांकडे वळविता येत नाहीत. क्रमांकांच्या श्रेणी जोडणीगणिक बदलून दाखविण्याची सोय लिनक्सच्या ५.१२ या आवृत्तीत (२०२१) आली. परंतु ज्या फाइलव्यवस्थांनी तिचा स्वीकार केला आहे त्यांनाच ती लागू पडते.

महत्त्व : वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. तबकडीवरील परवानगी हे कुलूप नव्हे. ज्याच्या हाती तबकडी व स्वतःचा संगणक आहे त्याला ती वाचता येते. गोपनीय मजकूर सांकेतिक रूपातच ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट दप्तरखान्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोडी कागदपत्रांच्या प्रतिमा असोत वा ग्रामपंचायतीचे हिशेब असोत, कोणता क्रमांक कोणाचा होता याची यादी तबकडीबरोबर लेखी ठेवली नाही, तर कालांतराने मजकूर वाचता येतो, पण तो कोणी तयार केला हे सांगता येत नाही.