सनद, वॉर्ड आणि पदवी : पेनसिल्व्हेनियातील महाविद्यालये व परिचारिका विद्यालये यांची कुळकथा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर तेथे संस्था निघण्याची दोन कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. कोणत्याही गटाला विधिमंडळाकडून सनद, म्हणजे संस्था चालवून पदव्या देण्याचा कायदेशीर अधिकारलेख, मिळवता येत असे, हे पहिले कारण. जुन्या संस्थांनी ज्यांना दारातून परत पाठवले, त्यांना ही सनद हाताशी असल्यामुळे स्वतःचे दार बांधता आले, हे दुसरे. स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय, कृष्णवर्णीयांचे महाविद्यालय आणि परिचारिकांचे विद्यालय ही तिन्ही कुळे या दोन कारणांच्या संयोगातून जन्मली. मात्र तिसऱ्या कुळाची वाढ पहिल्या दोघांपेक्षा निराळ्या रीतीने झाली, कारण त्याचा पोशिंदा महाविद्यालय नव्हता, रुग्णालय होते.

विल्यम पेन याला 1681 मध्ये राजाज्ञेने मिळालेली ही वसाहत क्वेकर पंथीयांची होती. क्वेकर म्हणजे स्वतःला 'मित्रांचा समाज' म्हणवणारा, वेतनभोगी पुरोहित न मानणारा आणि प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो असे मानणारा ख्रिस्ती पंथ. मॅसेच्युसेट्समधील प्युरिटनांनी वसाहत वसताच 1636 मध्ये हार्वर्डची स्थापना केली, ती मुख्यतः धर्मोपदेशक तयार करण्यासाठी. क्वेकरांना अशा उपदेशकांची गरजच नसल्यामुळे त्यांच्या वसाहतीत सुमारे 70 वर्षे एकही महाविद्यालय उभे राहिले नाही. ही उणीव भरून निघाली ती लौकिक हेतूने. बेंजामिन फ्रँकलिन याने 1749 मध्ये तरुणांच्या शिक्षणाची योजना छापून प्रसिद्ध केली, तिच्यातून 1751 मध्ये फिलाडेल्फियात अकादमी सुरू झाली आणि 1755 मध्ये तिला महाविद्यालयाची सनद मिळाली. आजच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मूळ ते हेच. त्याच 1751 मध्ये फ्रँकलिन आणि डॉक्टर थॉमस बाँड यांच्या खटपटीने पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल स्थापन झाले आणि 1765 मध्ये जॉन मॉर्गन याने महाविद्यालयात वैद्यकीय विभाग उघडला, जो अमेरिकन वसाहतींतील पहिला होय. एकाच नगरात, पंधरा वर्षांच्या अवधीत, महाविद्यालय, रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा एकमेकांना लागून उभ्या राहिल्या. पुढील दीडशे वर्षांच्या वादांचे रंगस्थळ याच जोडणीने ठरवून टाकले, कारण महाविद्यालयात जागा मिळाली तरी रुग्णालयात प्रवेश मिळाल्याखेरीज वैद्यक शिकता येत नव्हते.

पेनच्या धार्मिक सहिष्णुतेमुळे वसाहतीत नाना पंथ येऊन वसले होते आणि स्वातंत्र्यानंतर प्रत्येकाने आपापली संस्था काढली. बेंजामिन रश याच्या पुढाकाराने कार्लाइल येथे 1783 मध्ये डिकिन्सन महाविद्यालय निघाले, लँकेस्टर येथे 1787 मध्ये जर्मन भाषकांसाठी फ्रँकलिन महाविद्यालय निघाले आणि कॅथलिकांचे व्हिलानोव्हा 1842 मध्ये सुरू झाले. क्वेकरांनीही अखेर 1833 मध्ये हॅवरफर्ड, 1864 मध्ये मुलामुलींच्या सहशिक्षणाचे स्वार्थमोर आणि 1885 मध्ये केवळ स्त्रियांसाठी ब्रिन मॉर अशी तीन महाविद्यालये काढली. शेतकी शिक्षणासाठी 1855 मध्ये स्थापन झालेले 'शेतकऱ्यांचे हायस्कूल' संघराज्याने 1862 च्या कायद्यान्वये दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर वाढत जाऊन पेनसिल्व्हेनिया स्टेट हे मोठे विद्यापीठ बनले, तर शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापन शाळा 1857 च्या कायद्याने सुरू होऊन कालांतराने राज्याच्या विद्यापीठांत रूपांतरित झाल्या.

ज्यांना यांपैकी कोणतेच दार उघडे नव्हते, त्यांच्या संस्थांचा क्रम निराळा आहे. रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकराने आफ्रिकी वंशाच्या मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राने 10,000 डॉलर ठेवले आणि त्यातून 1837 मध्ये जी संस्था निघाली, ती आज चेनी विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. जॉन मिलर डिकी या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने 1854 मध्ये अशमन इन्स्टिट्यूटची सनद मिळवली, आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या हत्येनंतर, 1866 मध्ये, तिला लिंकन विद्यापीठ हे नाव देण्यात आले. स्त्रियांच्या बाबतीत असा पुढाकार घेणाऱ्यांत क्वेकर डॉक्टरांचा वाटा मोठा होता, कारण त्यांच्या प्रार्थनासभेत स्त्रीला पुरुषाइतकाच बोलण्याचा अधिकार असे आणि तो अधिकार शाळेत नाकारण्याचे समर्थन करणे त्यांना अवघड होते. 11 मार्च 1850 रोजी विधिमंडळाने 'फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' या संस्थेला सनद दिली. 1851 च्या अखेरीस तिच्या पहिल्या आठ विद्यार्थिनींना एम.डी. पदवी मिळाली, आणि त्यांतील अ‍ॅन प्रेस्टन 1866 मध्ये तिची डीन झाली. 1867 मध्ये संस्थेचे नाव 'वुमन्स मेडिकल कॉलेज' असे बदलले.

पदवी मिळाली तरी स्त्रियांना रुग्ण पाहता येत नव्हते, हा पेच मात्र सुटला नव्हता. फिलाडेल्फिया परगण्याच्या वैद्यक मंडळाने 1858 मध्ये ठराव करून आपल्या सभासदांना स्त्री डॉक्टरांशी व्यावसायिक व्यवहार ठेवण्यास मनाई केली. नोव्हेंबर 1869 मध्ये या विद्यार्थिनी प्रथमच पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील व्याख्यानास हजर राहिल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यावर वृत्तपत्रांत मोठा वाद माजला आणि स्त्रियांच्या शिक्षणाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. त्याआधीच प्रेस्टन यांनी वेगळा मार्ग काढला होता. रुग्णालये दार उघडत नाहीत, तर आपलेच रुग्णालय उभारावे, या विचाराने 1861 मध्ये 'वुमन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फिया' स्थापन झाले. स्त्रिया व मुले यांच्यावर उपचार, विद्यार्थिनींना रुग्णांजवळचा प्रत्यक्ष अनुभव आणि परिचारिकांचे प्रशिक्षण, अशी त्याची उद्दिष्टे होती. म्हणजे परिचारिका प्रशिक्षणाची एक शाखा स्त्री डॉक्टरांच्या चळवळीतून फुटली, ही गोष्ट या कुळकथेत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या महाविद्यालयाशी मराठी समाजाचा थेट संबंध आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तेथे दाखल झाल्या, डीन रेचल बॉडली यांच्या मार्गदर्शनाखाली शिकल्या, हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला आणि 11 मार्च 1886 रोजी एम.डी. झाल्या, त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले, त्याला बॉडली यांचीच प्रस्तावना होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रीविभागाची जागा आनंदीबाईंना मिळाली होती, परंतु क्षयाने त्यांचा 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात मृत्यू झाला. गुरुबाई करमरकर याच संस्थेतून 1892 मध्ये पदवीधर होऊन मुंबईत मिशनच्या दवाखान्यात काम करू लागल्या. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली आणि ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश याही 1890 पर्यंत तेथून डॉक्टर झाल्या. पुरुषांच्या संस्थांनी ज्यांना जवळही येऊ दिले नसते, अशांची ही यादी आहे.

परिचारिकांच्या प्रशिक्षणाची पहिली बीजे याहून जुनी आहेत. जोसेफ वॉरिंग्टन या डॉक्टराने 1839 मध्ये 'नर्स सोसायटी ऑफ फिलाडेल्फिया' स्थापून बाळंतिणींची घरी काळजी घेणाऱ्या स्त्रियांना शिकवण्याची सोय केली. राज्याच्या पश्चिमेस पिट्सबर्ग येथे 1843 मध्ये आलेल्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या कॅथलिक भगिनींनी 1847 मध्ये मर्सी हॉस्पिटल काढले, आणि 1849 मध्ये ल्यूथरपंथी विल्यम पासाव्हंट याने जर्मनीतील कायझर्सवेर्थहून डीकनेस, म्हणजे रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या धर्मसेविका, आणवल्या. याच कायझर्सवेर्थ येथे थोड्याच काळाने फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकण्यास गेली. मात्र आधुनिक अर्थाने विद्यालयाचे स्वरूप अमेरिकेत नाइटिंगेलच्या पद्धतीमुळे 1873 नंतर आले. फिलाडेल्फियातील ब्लॉकली हे मूळचे दारिद्र्यगृह असून तेथील आजाऱ्यांची शुश्रूषा बहुधा तेथेच आश्रयास राहिलेल्या स्त्रिया करत. इंग्लंडहून आलेल्या अ‍ॅलिस फिशर यांनी 1884 मध्ये येथील सूत्रे हाती घेतली, प्रशिक्षित परिचारिका आणल्या आणि विद्यालय उभे केले. 1888 मध्ये त्या वारल्या, परंतु तोवर पुढे फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटलचे विद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा पाया घातला गेला होता.

या विद्यालयांची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांचा पुढचा इतिहास उलगडत नाही. विद्यार्थिनीकडून शुल्क घेतले जात नसे. उलट तिला राहण्याजेवणाची सोय आणि थोडा हातखर्च मिळे, परंतु त्या बदल्यात तिने प्रारंभी दोन आणि नंतर तीन वर्षे वॉर्डात काम करायचे असे. पहिले काही महिने तिला परीक्षाधीन म्हणून ठेवत, त्यात टिकली तर टोपी आणि गणवेश मिळे. दिवसाचे बारा-बारा तास खाटेभोवती गेल्यावर व्याख्याने संध्याकाळी होत, आणि जी डॉक्टरमंडळी ती देत त्यांच्या सोयीनुसार वेळ ठरे. विद्यालय काढले की रुग्णालयाला स्वस्त आणि शिस्तबद्ध मनुष्यबळ मिळत असल्यामुळे लहानसहान रुग्णालयांनीही विद्यालये काढली. पदविका मिळवून बाहेर पडलेली परिचारिका मात्र बहुधा रुग्णालयात टिकत नसे, कारण तेथे तिच्या जागी पुढच्या तुकडीची विद्यार्थिनी आलेली असे, आणि ती खाजगी घरांत रुग्ण सांभाळण्यास जाई. शिक्षण हे नाव आणि श्रम हा व्यवहार, अशी ही व्यवस्था होती.

वर्णभेदाने बंद ठेवलेले दारही येथे स्वतंत्र संस्थेने उघडले. नेथन मॉसेल हे लिंकन विद्यापीठात शिकून 1882 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर झालेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी 1895 मध्ये फिलाडेल्फियात फ्रेडरिक डग्लस स्मारक रुग्णालय आणि त्याला जोडून परिचारिका प्रशिक्षण शाळा काढली, कारण शहरातील इतर विद्यालये कृष्णवर्णीय मुलींना घेत नव्हती.

1909 मध्ये राज्याने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि परीक्षा घेऊन परवाना देणारे मंडळ आल्यावर विद्यालयांच्या दर्जाचा प्रश्न रुग्णालयांच्या खाजगी मर्जीवर राहिला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाने 1939 मध्ये, तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1950 मध्ये स्वतंत्र परिचर्या शाखा उघडली. अमेरिकन परिचारिका संघटनेने 1965 मध्ये परिचारिकांचे शिक्षण उच्च शिक्षणसंस्थांतच व्हावे, अशी भूमिका घेतल्यावर रुग्णालयांची पदविका विद्यालये एकामागून एक बंद पडू लागली. फिलाडेल्फिया जनरलचे रुग्णालय व विद्यालय 1977 मध्ये संपले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील, 1886 पासून चालत आलेले विद्यालय 1978 मध्ये थांबले. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातही बदल अटळ ठरला: पुरुषांना प्रवेश देण्याचे ठरल्यावर 1970 मध्ये त्याने आपल्या नावातला 'वुमन्स' हा शब्द वगळला, 1993 मध्ये त्याचे हानेमान विद्यापीठाशी विलीनीकरण झाले, 1998 मध्ये त्याची मालक असलेली आरोग्यसंस्था दिवाळखोर झाली आणि 2002 मध्ये त्याचा भार ड्रेक्सेल विद्यापीठाने उचलला.

या कुळकथेतून निघणारा निष्कर्ष असा की, प्रतिबंधातून जन्मलेल्या संस्था प्रतिबंध ओसरल्यावर विलीन होतात किंवा आपले स्वरूप बदलतात, परंतु परिचारिका विद्यालयांच्या अंताचे कारण तेवढेच नव्हते. ती बंद पडली ती त्यांचे काम संपले म्हणून नव्हे, तर विद्यार्थिनींच्या श्रमावर चालणारे शिक्षण शिक्षणाच्या कसोटीला उतरेना म्हणून. रुग्णालयातून विद्यापीठात गेलेल्या परिचर्येला पदवी मिळाली, आणि वॉर्डातील पदविकेच्या त्या पिढ्यांनी अत्यल्प मोबदल्यात चालवलेल्या रुग्णसेवेचा हिशेब मात्र रुग्णालयांच्या खर्चाच्या वहीत कधी मांडला गेला नाही. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाची कागदपत्रे आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि राज्यातील अनेक बंद पडलेल्या परिचारिका विद्यालयांची कागदपत्रे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या परिचर्या इतिहास केंद्रात जपली जातात.