कर्करोगावरील प्रतिपिंडे: नामाभिधान आणि इतिहास

औषधांची नावे वरवर पाहता निरर्थक ध्वनिसमूह वाटतात. परंतु ‘मॅब’ या प्रत्ययाने संपणाऱ्या नावांत एका शास्त्राचा इतिहास साठविलेला आहे.

१९७५ साली कोलर व मिलस्टाइन यांनी केंब्रिज येथे एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची रीत शोधून काढली. ही प्रतिपिंडे उंदराची असल्याने मानवी शरीर त्यांना परके मानून त्यांचा प्रतिकार करी. म्हणून पुढील संशोधनात उंदराचा अंश उत्तरोत्तर कमी करण्यात आला. नावांतही हा क्रम उतरला: ‘ओमॅब’ म्हणजे उंदराचे, ‘क्सिमॅब’ म्हणजे मिश्र, ‘झुमॅब’ म्हणजे मानवीकृत आणि ‘उमॅब’ म्हणजे पूर्णतः मानवी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या नावांतून हा मूलदर्शक घटक वगळला. जुनी नावे मात्र कायम राहिली.

यांपैकी दोन नावांचा संबंध परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी येतो. निमोटुझुमॅब हे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकास चिकटून वाढीचा संदेश आत पोहोचू देत नाही. मुख व घशाच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. किरणोपचार व रासायनिक औषध यांना त्याची जोड दिली असता, रोग न वाढता दोन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण ५०.१ वरून ६१.८ टक्के झाले.

निवोलुमॅबचे कार्य वेगळे. रक्षक पेशींना कर्कपेशींकडून मिळणारा ‘थांबा’ हा संदेश ते अडविते. त्याची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम, आणि तिची किंमत बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून येथील वैद्यांनी १५१ रुग्णांच्या प्रयोगात निम्म्या रुग्णांना नेहमीच्या स्वस्त गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेचा सुमारे अठरावा भाग, दिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. अल्प मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीची आहे, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण तुलना गोळ्यांशीच होती. तथापि ज्यांना पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्यांच्या दृष्टीने हीच तुलना खरी होय.

प्रत्ययांच्या या मालिकेत उंदराचे परकेपण क्रमाने नाहीसे झालेले दिसते. किमतीचे परकेपण कोणत्याही प्रत्ययात नोंदलेले नाही. राळेगावसारख्या, खर्ऱ्याचे व्यसन घरोघरी पोहोचलेल्या तालुक्यातील रुग्णास मात्र तेच प्रथम जाणवते.